दमाचा हिशेब

तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि दर डिसेंबरात क्रीडास्पर्धांना घड्याळ धरून उभा राहिलो, एवढीच माझी खेळाशी ओळख. त्यामुळे २०२५ च्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला तेव्हा मी जरा चकितच झालो. ‘‘मामा, तुमचं ते स्टॉपवॉच चालतंय न्हवं अजून? मग रविवारी पहाटे येतो मी घ्यायला.’’ (कोल्हापूरच्या लेकीसुना ‘येतो’, ‘जातो’च म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.) भाची बँकेत नोकरी करते, वय चौतीस, पदरी दोन मुले. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ती पळायला लागली. ‘आता या वयात कशाला गं?’ हे तिने माहेरी, सासरी, बँकेत, सगळीकडे ऐकून झाले होते. आता तिला नवऱ्यासह मुंबईत एका शर्यतीत उतरायचे होते आणि वेळ टिपायला एक बिनपगारी माणूस हवा होता.

शर्यतीचे नाव हायरॉक्स. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात २०१७ मध्ये ती सुरू झाली. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक मॉरिट्झ फ्युर्स्टे. हॉकीच्या शौकिनांना हे नाव आठवेल. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या जर्मन संघातला हा खेळाडू आपल्याकडच्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांचीच्या संघाकडूनही खेळला होता. शर्यत भरते बंदिस्त दालनात. एक किलोमीटर पळायचे, मग एक कष्टाचे काम, पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा काम, असे आठ वेळा. कामांचा क्रम जगभर एकच. आधी एका यंत्राच्या दोऱ्या बर्फावर घसरणाऱ्या माणसासारख्या वरून खाली ओढत एक हजार मीटर. मग वजन लादलेली लोखंडी घसरगाडी पन्नास मीटर ढकलायची, पुढच्या खेपेला तशीच दोराने ओढायची. मग पालथे पडून उठायचे आणि बेडकासारखी उडी, असे ऐंशी मीटर. मग वल्हवण्याच्या यंत्रावर एक हजार मीटर. दोन हातांत दोन वजने घेऊन दोनशे मीटर चाल. वाळूची पिशवी मानेवर घेऊन, पावलागणिक गुडघा जमिनीला टेकवत शंभर मीटर. आणि शेवटी जड चेंडू छातीशी धरून बैठक मारायची आणि उठता उठता तो भिंतीवरच्या उंच खुणेवर फेकायचा, शंभर वेळा. आपल्या तालमीतली जोर, बैठका, डंबेल, दोरखंड ही सगळी मंडळी जर्मन कपडे घालून आलीत, असे मला वाटले.

जोडीच्या शर्यतीचा नियम मात्र मजेशीर आहे. आठही किलोमीटर दोघांनी बरोबर पळायचे. कामाच्या ठिकाणी एका वेळी एकानेच राबायचे, दुसऱ्याने उभे राहायचे. वाटणी कशी करायची हे जोडीने ठरवायचे. म्हणजे पळण्यात जो सावकाश त्याचा वेग दोघांचा वेग, आणि कामात जो तगडा त्याच्या जिवावर दोघांची बचत. वाचायला सोपे आहे. संसार केलेल्या माणसाला त्यातली मेख लगेच कळेल.

पहिली चाचणी कळंबा रस्त्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये झाली. बाहेरच्या रस्त्यावर अंतर मोजून खुणा केलेल्या. जावईबापू कॉलेजात असताना मैदान गाजवलेले. एकटे पळाले तर पाच मिनिटांत किलोमीटर काढतात. भाचीचा वेग सहा मिनिटांच्या पुढचा. कामाची वाटणी तिने आधीच जाहीर केली होती : ‘‘सगळं निम्मं निम्मं. कुणाची मेहरबानी नको.’’ मी शिट्टी दिली आणि दोघे सुसाट सुटले.

माझ्या वहीतले आकडे असे. पहिला किलोमीटर ५ मिनिटे ३५ सेकंद. दुसरा ५.५०. मग घसरगाडी ढकलून झाल्यावर तिसरा ६.३०, चौथा ६.५०, पाचवा ७.००, सहावा ७.०५, सातवा ७.२०, आठवा ७.३०. नुसत्या पळण्याची बेरीज ५३ मिनिटे ४० सेकंद. चेंडूच्या शंभर फेकींपैकी तिच्या वाट्याच्या पन्नास. सव्वीसाव्या फेकीला ती मटकन खाली बसली. ओठ पांढरे, बोलता येईना. जावईबापू पाण्याची बाटली घेऊन नुसते उभे. त्यांच्या कपाळावर म्हणावा तसा घामही नव्हता आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. घरी जाताना गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. मागच्या सीटवर बसून मला वाटले, ही शर्यत इथेच संपली तर बरे. चौतीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या आईला असे बसलेले बघून कोणत्या मामाला दुसरे काही वाटेल?

पण रात्री वही उघडली आणि आकडे बोलायला लागले. चूक शेवटच्या चेंडूत नव्हतीच. ती पहिल्या किलोमीटरात होती. नवऱ्याला आपल्यामुळे रेंगाळावे लागू नये म्हणून ती जिवाच्या आकांताने पळाली होती. पहिल्या दोन-चार मिनिटांत शरीर फसवते. स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरेसा पोहोचण्याआधी ते जवळच्या साठ्यावर काम चालवतात. त्यामुळे सुरुवातीला सगळे हलके वाटते. हिशेब मागाहून येतो, थकबाकीच्या नोटिशीसारखा. एरवी पळून दमल्यावर माणूस थांबतो, श्वास खाली येतो. इथे पळून आलात की समोर घसरगाडी उभी. छातीचे ठोके खाली यायला जागाच नाही.

या ‘जागा नसण्या’ची किंमत कोल्हापूरला नवी नाही. खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. जपानच्या इशीबरोबरची दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहायला सांगितले गेले, दोन कुस्त्यांमधली हक्काची विश्रांतीही मिळाली नाही, ही हकीकत इथल्या तालमीत आजही सांगतात. सांगणारा शेवटी म्हणतो, ‘अंगात जोर होता, दम घ्यायला वेळ न्हवता.’ जोर आणि दम हे दोन वेगळे हिशेब आहेत हे इथल्या वस्तादांना घड्याळाशिवाय कळत होते. नवा पोरगा आखाड्यात उतरताच शड्डू ठोकून झोंबायला लागला की जुना पैलवान त्याला नुसता अंगावर घेऊन उभा राहतो. पोरगा आपोआप विझतो.

पुढच्या रविवारी मी दोघांना चहाला बोलावले आणि म्हणालो, ‘‘निम्मं निम्मं हे समान नाही. सहाच्या वेगाने पळताना यांचा श्वाससुद्धा चढत नाही, तुझा मात्र कस लागतो. म्हणजे कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तू आधीच जास्त दिलेलं असतंस. मग तिथं यांनी जास्त द्यायला नको?’’ तिला पटेना. तेव्हा मला आजोळची उसाची गाडी आठवली. जोडीतला एक बैल तगडा, एक कमी असला की गाडीवान ओढीचे टोक जूच्या मध्यावर न ठेवता तगड्या बैलाकडे थोडे सरकवतो. त्याच्या बाजूचा दांडा आखूड होतो, भार त्याच्यावर जास्त पडतो आणि दोघे एका चालीने चालतात. मध्यावर ठेवले तर कमी ताकदीचा बैल मागे पडतो आणि गाडी वाकडी जाते. ‘‘म्हणजे मी बैल हाय का मामा?’’ असे म्हणून ती हसली. जावईबापूंनी मात्र ‘तगडा बैल’ हे विशेषण मुकाट्याने खिशात घातले.

खरी गंमत यंत्रांच्या गणितात आहे. ओढायचे आणि वल्हवायचे ही दोन्ही यंत्रे हवेच्या रोधावर चालतात, आणि त्यात लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, पाचशे मीटरला २ मिनिटे १० सेकंद लागतात आणि तुम्हाला ते बरोबर दोन मिनिटांत करायचे आहेत. वेग जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती लागते सुमारे सत्तावीस टक्के जास्त. हजार मीटरमागे मिळतात फक्त वीस सेकंद, आणि पुढचा किलोमीटर पळताना ते वीस सेकंद व्याजासकट परत जातात. एकट्याने तिथे उतावीळ होणे म्हणजे दिवाळे. जोडीला मात्र एक वाट आहे : थोडा वेळ जोरात, मग दुसऱ्याच्या हाती. पण अदलाबदलीलाही वेळ जातो. दोऱ्या ओढायच्या यंत्रावर नुसते बाजूला व्हायचे असते, तिथे चार वेळा बदलले तरी चालते. वल्हवण्याच्या यंत्रावर पायाचे पट्टे सोडा, बांधा. तिथे एकदाच बदल.

घसरगाडीचे गणित आणखी वेगळे. थांबलेली गाडी हलवायला चालत्या गाडीपेक्षा जास्त जोर लागतो, हे बैलगाडी रुतलेल्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणून मध्येच दम खायचा नाही. पन्नास मीटर म्हणजे साडेबारा मीटरच्या चार खेपा. खेप संपते तिथे गाडी थांबतेच, बदल तिथेच करायचा.

आणि बदल कधी करायचा? दमल्यावर नव्हे, दमण्याआधी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवणारे बघा. एवढी उंच काठी एकजण पेलतो, बाकीचे दोऱ्या ताणून तोल धरतात, आणि पेलणाऱ्याचे पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी दुसरा आत शिरलेला असतो. लटपटल्यावर बदलायला गेले तर काठी जाते. चेंडूच्या पन्नास-पन्नास फेकींऐवजी आम्ही दहा-दहा ठरवल्या.

दुसरी चाचणी मार्चअखेर. पहिला किलोमीटर मी सक्तीने ६.१० चा ठरवला. भाचीला तो अपमान वाटला, जावईबापूंना शिक्षा. पुढचे आकडे : ६.१०, ६.२५, ६.३०, ६.२५, ६.३०, ६.३०, ६.४०. चौथ्या किलोमीटरअखेर दोघे पहिल्या चाचणीपेक्षा तीस सेकंद मागेच होते आणि माझ्याकडे रागाने बघत होते. पाचव्याला बरोबरी होऊन पाच सेकंद पुढे गेले. शेवटी बेरीज ५१ मिनिटे २० सेकंद. सावकाश निघून दोन मिनिटे वीस सेकंद लवकर! त्या दिवशी गाडीत दोघेही एकाच वेळी बोलत होते आणि मी मिसळीचे पैसे दिले.

मे महिन्यात गोरेगावला शर्यत झाली. हायरॉक्स भारतात आली ती तेव्हाच, पुढे जुलैत दिल्लीतही भरली. त्या दालनात कानठळ्या बसवणारे संगीत, हजारो माणसे आणि कठड्याला टेकून वही धरलेला मी. पुरुष-स्त्री जोडीला पुरुषांचीच वजने असतात. ढकलायची घसरगाडी १५२ किलोंची. आमच्या शेडमधल्या हिरवळीवर ती सरकायची, इथल्या गालिच्यावर रुतून बसल्यासारखी वाटत होती. चारपैकी तीन खेपा जावईबापूंनी मारल्या, ठरल्याप्रमाणे. ओढण्यातही तीन. पळताना मात्र भाचीने वेग अजिबात चढू दिला नाही. आजूबाजूचे पुढे जात होते, ती मान खाली घालून आपल्या चालीने. पाचव्या किलोमीटरपासून त्यातलेच काहीजण तिला पुन्हा भेटायला लागले.

वाळूच्या पिशवीपाशी तिच्या पोटरीत गोळा आला. जावईबापूंनी पिशवी मागितली; तिने मान हलवली, ठरलेले अंतर संपवले आणि मगच दिली. मी कठड्याबाहेरून ‘‘दे, दे!’’ म्हणून ओरडत होतो, ते त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार?

मग चेंडू. दहा तिने, दहा त्यांनी. साठाव्या फेकीनंतर जावईबापूंचा चेंडू खुणेच्या खाली लागला. पुढचाही खाली. पंचाने दोन्ही मोजल्या नाहीत. त्यांचे हात वर जाईनात. घसरगाड्या, वल्ही, दोऱ्या, सगळीकडे मोठा वाटा त्यांच्याच अंगावर टाकलेला, आणि त्याची बाकी निघाली ती नेमकी शेवटी. भाचीने काही न बोलता चेंडू घेतला. तिने पंधरा मारल्या, त्यांनी पाच. पुन्हा पंधरा, पुन्हा पाच. एक तास एकेचाळीस मिनिटांनी दोघे रेषेपलीकडे गेले तेव्हा आधार कोण कोणाला देत होते ते लांबून कळत नव्हते.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये जावईबापू वरच्या बर्थवर गाडी सुटण्याआधीच झोपले. भाचीने पोटरीला तेल चोळत माझी वही मागितली आणि कर्जाची फाईल तपासावी तशी पानन्‌पान तपासली. कराड गेले तरी तिचे चालूच. मग म्हणाली, ‘‘मामा, हिशेब चुकला तुमचा. माझा दम मोजला, ह्यांचा धरलाच न्हाई तुम्ही. पळताना घाम येत न्हाई म्हणजे माणूस दमत न्हाई व्हय?’’

मी चष्मा काढून वही पुन्हा बघितली. पोरीचे बरोबर होते. ओढीचे टोक मी जरा जास्तच सरकवले होते. मिरजेपर्यंत आम्ही दोघांनी नवी वाटणी मांडली : ढकलायच्या तीन खेपा त्यांच्याच, ओढायच्या दोन-दोन, वल्ही निम्मी. चेंडूचा आकडा तिने मला लिहू दिला नाही. तो म्हणे हे उठल्यावर त्यांना विचारून ठरवायचा.