पहिली मोटारसायकल: तानशाहून निघताना

शहापूर तालुक्यातल्या तानसा, अघईकडच्या मुलाला गाडी सकाळी आटगाव किंवा आसनगाव स्टेशनला लोकल गाठायला लागते, आणि सुट्टीत मुरबाडवरून माळशेज घाटात. दोन्ही कामे एकाच गाडीने व्हायची, म्हणून शोरूममधल्या रंगाआधी स्वतःचा आठवडा पाहावा.

रोजची धाव स्टेशनपुरती असेल तर स्प्लेंडरसारखी शंभर सीसीच्या आतली गाडी पुरते. वजन जेमतेम ११२ किलो, पेट्रोल कमी, आणि गावातला मेकॅनिकही ती डोळे झाकून उघडतो. पण मागे माणूस बसवून घाट चढताना तिचा दम कमी पडतो. महिन्यातून दोनदा लांब जाणार असाल तर १२५ ते १५० सीसी घ्या, असे माझे स्पष्ट मत.

ब्रेकवर मात्र तडजोड नको. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्या नियमात लहान गाड्यांना सीबीएसची मुभा होती. सीबीएसमध्ये पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागतो, पण चाक जाम होणे थांबत नाही. जंगलातल्या रस्त्यावर पावसात ओला पाला साचतो, तिथे एबीएसचे मोल कळते.

गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, हे पाहाच. गाडी घेतल्यावर नाशिकला निघालात तर कसारा घाटाचाच रस्ता धरा. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जात असला तरी दुचाकीला त्यावर मनाई आहे. आणि आयएसआय हेल्मेटचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा, दोन हेल्मेटचे.