खाणपट्ट्याची अनामत

मुंबई-आग्रा महामार्गावरील विल्होळीच्या परिसरात, सारूळच्या डोंगरउतारांवर ज्या खाणी आहेत, त्यांच्या काळ्या पाषाणावर आजच्या नाशिकचे कितीतरी बंगले, पूल व रस्ते उभे आहेत. सुरुंगाने फुटलेला डबर क्रशरच्या जबड्यात पडतो, भरडला जातो, चाळण्यांवरून उतरताना त्याची प्रतवारी होते, आणि खडी, कच व भुकटी असे त्याचे निरनिराळे ढीग लागतात. परंतु वाहतूक परवान्यावाचून नाक्यावर आलेली मालमोटार महसूल खात्याच्या लेखी चोरीचाच माल वाहत असते.

त्या परवान्यामागे मोठा दप्तरव्यवहार आहे. सातबारा, मोजणीचा नकाशा, तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांचे अहवाल या पायऱ्या चढून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या गौण खनिज शाखेत येते, तेव्हा कोठे खाणपट्ट्याचा हुकूम निघतो. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी अनिवार्य ठरविली, आणि पुढल्याच वर्षी महाराष्ट्राचे गौण खनिज नियम नव्याने आले. दगड ब्रासने मोजतात. 100 घनफुटांचा एक ब्रास, आणि त्यामागे 600 रुपये स्वामित्वधन. विनापरवाना उत्खनन झाले तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय यंत्रांची जप्ती. 2021 साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाजवळ, यंत्रांनी डोंगर कोरला जात असल्याचे दिसताच नाशिककर संतापून उठले, तेव्हा याच तरतुदींचा आधार घेतला गेला.

ही सारी चोख व्यवस्था बाहेर गेलेल्या दगडाची आहे. मागे उरलेल्या खड्ड्याचा हिशेब इतक्या निगुतीने ठेवला जात नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी पूर्ण गांभीर्याने मांडतो.

खड्ड्याचा हिशेब कसा ठेवता येतो हे समजण्यासाठी, ज्या कोळशावर नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे वीज केंद्र चालत आले, त्या विदर्भातील कोळशाकडे पाहावे. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने 2009 साली खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा केला. उघड्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये हा पायाभूत दर ठरवून, ती रक्कम वार्षिक हप्त्यांनी एस्क्रो खात्यात भरण्याचे बंधन घातले. हे खाते कोळसा नियंत्रकाच्या संमतीवाचून हलत नाही. त्या मूळ नियमांत दर पाच वर्षांनी भरावाचे व वृक्षारोपणाचे काम तपासून जमेच्या 80 टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळत असे. उरलेली, खाण रीतसर बंद झाल्यावर. चंद्रपूर-वणीकडचे मातीचे अजस्र ढिगारे पाहणारा मनुष्य तेथे सारे सुधारले असे म्हणणार नाही; तथापि तेथे कामाच्या नावाने पैसा आधीच बांधलेला असतो.

खडीच्या पट्ट्यालाही अनामत असते. माझी मागणी एवढीच की तिचा आकडा खड्ड्याच्या खोलीवरून व विस्तारावरून ठरावा, आणि पट्टा वाढवून मागणाऱ्याने प्रथम जुन्या खड्ड्याचा पंचनामा सादर करावा: वरच्या मातीचा थर अलग रचून ठेवला काय, उभ्या कड्यांना पायऱ्या दिल्या काय, पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याभोवती पोरांना व गुरांना अडविणारे कुंपण आहे काय. या तिन्ही गोष्टी तलाठी एका फेरीत डोळ्यांनी पाहू शकतो.