दिवा लागतो, आवाज येत नाही

ऑडिओ इंटरफेस संगणकाला जोडला, त्यावरचा दिवाही लागला, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव दिसत नाही. दुकान गाठण्याआधी ड्रायव्हर तपासावा.

मॅकमध्ये कोअर ऑडिओ मुळातच असल्याने बरेचसे यूएसबी इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. विंडोजचं तसं नाही. यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर तिथे २०१७ मध्ये, विंडोज १० च्या अपडेटबरोबर आला. गाणी ऐकायला तो पुरतो. रेकॉर्डिंगला सहसा स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर लागतो. तो इंटरफेसच्या उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. आधी जुना काढून संगणक पुन्हा सुरू करावा, मगच नवा बसवावा. एएसआयओफोरऑल हा फुकटचा पर्याय कामचलाऊच.

ड्रायव्हर बसला तरी आवाज तडतडतो? मग बफर बघा. ४८,००० हर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर. तो ६४ वर आणला, तर उशीर कमी होतो, पण प्रोसेसरची दमछाक होते. गाताना बफर लहान आणि मिक्सिंगला मोठा ठेवणं हेच शहाणपणाचं.

सॅम्पल रेटची गफलत त्याहून फसवी. ४४,१०० वर रेकॉर्ड केलेला काळी एकचा तानपुरा ४८,००० ने वाजला, तर तो पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो. गायक बिचारा स्वतःच्याच गळ्यावर शंका घेत बसतो!

तरीही अडलंच, तर यूएसबी हब काढून केबल थेट संगणकाला जोडून पाहावी.