आयडी जाते कशी?

लातूरच्या ट्यूशन एरियात काय किंवा नांदेडच्या भाग्यनगरात काय, रात्रीची जेवणं उरकली की कितीतरी खोल्यांत बीजीएमआय हा मोबाइल गेम सुरू होतो. मग एखाद्या दिवशी कुणीतरी रडवेला होऊन सांगतो, ‘आयडी हॅक झाली.’ बहुतेक वेळा हॅक काहीच झालेलं नसतं. ‘फुकट युसी’ म्हणजे गेममधलं चलन देणारी लिंक आलेली असते, ती उघडल्यावर हुबेहूब गुगलचं लॉगिन पान दिसलेलं असतं आणि पासवर्ड आपणच टाकलेला असतो.

बरं, जाते ती फक्त गेमची आयडी नाही. ती गुगल खात्याला जोडलेली असेल तर जीमेल, फोटो आणि ज्या ईमेलवरून ‘नीट’चा अर्ज भरला तो ईमेलही भामट्याच्या हाती लागतो.

ओटीपी असला तरी निर्धास्त राहता येत नाही. बनावट पान तोही मागतं आणि त्याच क्षणी खऱ्या पानावर भरतं. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला आकडा 30 सेकंदांनी बदलतो. यंत्राला तेवढा वेळ भरपूर होतो. पानाचा पत्ता नीट वाचावा म्हटलं, तर 2022 मध्ये स्टीम या गेमिंग सेवेच्या खेळाडूंना पानातच रंगवलेली खोटी खिडकी दाखवून फसवलं गेलं. तिच्यावरचा पत्ता अगदी बरोबर होता!

म्हणून पत्ता तपासण्याचं काम डोळ्यांवर सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या किल्लीनं लॉगिन करण्याची सोय, ते काम स्वतः करते. तिची गुप्त किल्ली वेबसाइटला कधीच दिली जात नाही. गुगलकडे असते ती तिची उघड जोडीदार. गुगल एक यादृच्छिक आकडा पाठवतं, फोन त्यावर गुप्त किल्लीनं सही करतो. मागणारा पत्ता वेगळा असेल तर ब्राउझर ती किल्ली पुढेच करत नाही. याच तत्त्वावरच्या, हातात धरायच्या छोट्या सुरक्षा किल्ल्या गुगलनं 2017 मध्ये आपल्या 85 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या केल्या. त्यानंतर कुणाचंही कामाचं खातं अशा बनावट पानांच्या फसवणुकीनं (फिशिंगनं) गेलं नसल्याचं कंपनीनं 2018 मध्ये सांगितलं. पासकी फुकट मिळते, गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात.

रूममेटच्या फोनवर लॉगिन तसंच राहिलं, तर मात्र पासकीचाही इलाज चालत नाही. एकदा आत घेतलेल्या फोनला सर्व्हर सहसा पुन्हा ओळख विचारत नाही. ‘तुमची डिव्हाइसेस’ या यादीतून तो फोन काढावाच लागतो.

आईवडिलांनी पहिल्यांदा रागावू नये. आयडीबरोबर पैसेही गेले असतील आणि भीतीनं मूल दोन दिवस गप्प बसलं, तर ते पैसे कितीतरी खात्यांतून पुढे सरकतात. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर ते वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते.