साम्राज्याचे नाक

सुरतेच्या कतारगाम दरवाज्याकडे इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. तेथे भरभक्कम खांबांची, घुमटाची एक दुमजली इमारत दिसते, आणि ती कोणा नबाबाची वा अवलियाची कबर असावी अशा समजुतीने वाटसरू जवळ गेला, तर तेथे नाव आढळते ते इंग्रज कंपनीच्या वखारीचा मुख्य सर जॉर्ज ऑक्झेंडेन याचे. १६५९ साली वारलेला त्याचा भाऊ क्रिस्टोफर आणि १६६९ साली वारलेला स्वतः जॉर्ज, असे दोघे बंधू या एकाच वास्तूत विसावले आहेत. परक्या मुलखात, परक्या बादशहाच्या मेहेरबानीवर, त्याची जकात भरून व्यापार करणाऱ्या माणसाने मरणोत्तर एवढी जागा का व्यापावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे सुरतेच्या दोन शतकांच्या इतिहासातून जावे लागते, आणि बलाढ्य शत्रूला नमविण्यासाठी शस्त्राचा व पैशाचा दाब कसा योजावा, तो कोठवर चालतो आणि त्याचे फळ अखेर कोणाच्या पदरात पडते, याचा एक धडाच वाचावयास मिळतो.

एका हाताने तलवार उगारावयाची आणि दुसऱ्या हाताने शत्रूच्या पैशाचा झरा अडवावयाचा, ही राजनीती आज ‘आर्थिक निर्बंध’, ‘नाकेबंदी’ अशा भारदस्त नावांनी वावरत असली, तरी तिचे सार आपल्या एका घरगुती म्हणीत केव्हाचेच येऊन बसले आहे: नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मात्र ही म्हण उच्चारणारा एक गोष्ट गृहीत धरीत असतो, ती ही की नाक नेमके कोठे आहे हे दाबणाऱ्यास ठाऊक आहे. मोगल साम्राज्याचे मस्तक दिल्ली-आग्र्यास असेल. पण त्याचे नाक तापीकाठी, सुरतेस होते.

१५७३ साली अकबराने गुजरातच्या स्वारीत सुरतेचा किल्ला घेतला, तेव्हापासून हे शहर बादशाहीचे प्रमुख बंदर झाले. हजची तारवे येथूनच सुटत, म्हणून त्यास ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, असे म्हणत. तापीच्या मुखाजवळील सुवाळीच्या नांगरवाड्यावर टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, जहाजे लागत. त्यांतून उतरणारी चांदी सुरतेच्या टांकसाळीत रुपया होऊन बाहेर पडे आणि तिच्या मोबदल्यात कापूस, कापड व नीळ परदेशी जाई. हिंदुस्थानात चांदीच्या खाणी नव्हत्या म्हणण्याइतपत थोड्या. परंतु मनसबदारांच्या फौजांचे पगार आणि रयतेकडील सारा यांचा व्यवहार मात्र रुपयांत चाले. तेव्हा जकातीचे सुमारे बारा लाख, हा समकालीनांचा अंदाज, सुरतेच्या महत्त्वाचा केवळ दर्शनी भाग होय. साम्राज्य ज्या श्वासावर जगत होते, तो या बंदरातून आत येत होता.

हे मर्म मराठ्यांच्या आधी पोर्तुगीजांनी ओळखले होते. ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्यावाचून कोणत्याही तारवाने समुद्रात हिंडू नये, असा त्यांचा जुलमी दंडक होता. १६१३ साली त्यांनी जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचे ‘रहिमी’ हे जहाज, त्याजवळ परवाना असताही, धरून नेले. बादशहाजवळ आरमार नव्हते. म्हणून त्याने जमिनीवरून जो दाब देता येत होता तो दिला. पोर्तुगीजांचा व्यापार बंद झाला, त्यांचा माल जप्त झाला, पाद्र्यांची देवळे मिटली आणि बादशहाचा सरदार मुकर्रबखान याची फौज दमणवर चालून गेली. दोघेही एकमेकांस पुरेसे जखमी करून १६१५ साली तडजोडीस आले. पण या भांडणात, त्याच्या आदल्याच वर्षी, १६१२ साली, सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांना मार देऊन दाखविणाऱ्या इंग्रजांची सुरतेतील वखार मात्र पक्की झाली. दोघांच्या नाकाबोटांच्या झटापटीत तिसऱ्याचे बिऱ्हाड थाटले गेले, ही या कथेतील पहिली खूण वाचकाने ध्यानात ठेवावी.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. १६६० पासून शाएस्ताखान पुण्यास ठाण मांडून बसला होता. तीन वर्षे त्याच्या फौजेने स्वराज्याचा मुलूख तुडविला, उभी पिके गेली आणि वसूल बुडाला. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावरील छाप्याने खानाची बोटे गेली व पुढे त्याची बदलीही झाली. परंतु रिता खजिना भरून आला नाही. आपला मुलूख जाळून आपणास शरण आणू पाहणाऱ्या शत्रूशी त्याच मुलखात लढत बसणे म्हणजे आपल्याच घराला लागलेल्या आगीत लाकडे टाकणे, हे जाणून शिवाजी महाराजांनी युद्धाचा खर्च शत्रूच्या खाती टाकण्याचे ठरविले. ५ जानेवारी १६६४ रोजी ते गणदेवीपर्यंत आल्याची वार्ता सुरतेत फुटली आणि दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरील बागेत त्यांचा तळ पडला.

शहरात सुमारे दोन लाख वस्ती, पण धड तट नव्हता. पाचशे शिपायांच्या पगाराची रक्कम सरकारी खजिन्यातून उचलून ती स्वतःच्या पेटीत टाकणारा मुतसद्दी, म्हणजे बंदराचा अंमलदार, इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. महाराजांनी प्रथम शस्त्र न चालविता निरोप धाडला: इनायतखानाने आणि वीरजी व्होरा, हाजी सैद बेग व हाजी कासिम या तीन बड्या सौदागरांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी, नाही तर शहर आगीत जाईल. उत्तर आले नाही, तेव्हा लूट सुरू झाली. तहाच्या मिषाने इनायतखानाने पाठविलेल्या तरुणाने खंजीर घेऊन महाराजांवर झेप घेतली. तो जागीच मारला गेला. खवळलेल्या सैन्याने मांडलेली सरसकट कत्तल महाराजांनी थांबविली खरी, पण काही कैद्यांना देहदंड झाला व काहींचे हात तोडले गेले. किल्ल्यावरच्या तोफांनी शत्रूपेक्षा आपल्याच शहराची घरे अधिक पाडली. ज्या वीरजीची मालमत्ता तत्कालीन इंग्रज ऐंशी लाखांची समजत, त्याची हवेली धुवून निघाली. पण कापुशिन पाद्री अँब्रोझ याच्या मठाला आणि डचांच्या एका दानशूर दिवंगत दलालाच्या घराला धक्का लागला नाही, असे बर्निये हा फ्रेंच प्रवासी नमूद करतो. इंग्रज व डच वखारींनी दरवाजे लावून बंदुका रोखल्या. त्यांच्याशी झुंजत वेळ दवडणे महाराजांना परवडणारे नव्हते. १० जानेवारीस, मोगल फौज येत असल्याची खबर लागताच, एक कोटीहून अधिक मोलाचा ऐवज घेऊन ते निघून गेले. सुरत बेसुरत झाली, हा शब्दश्लेष मराठीत तेव्हापासूनच्या आठवणीने रूढ आहे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. शत्रूच्या बंदरातून आलेल्या द्रव्याच्या जोरावर आपले बंदर राखणारी तटबंदी उभी राहावी, यात एक न्याय आहे. तथापि सुरतेच्या आघाताने औरंगजेब नमला, असे मात्र कोणी समजू नये. बादशहाने सौदागरांना एक वर्षाची जकात माफ केली, शहराला तट बांधण्याचा हुकूम दिला, आणि मिर्झाराजे जयसिंगास दिलेरखानासह दक्षिणेत धाडले. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले गेले. एका आघाताने बलाढ्याचा राग मात्र वाढतो; त्याचे धोरण पालटावयाचे तर दाब सतत राहावा लागतो, हे पुरंदरने कठोरपणे शिकविले.

ही शिकवण वाया गेली नाही. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगड घेऊन युद्ध पुन्हा पेटले आणि ३ ऑक्टोबर रोजी पंधरा हजारांच्या फौजेनिशी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले. तट उभा होता, पण तो लढविणारे हात नव्हते. तीन दिवसांच्या लुटीचा सरकारी चौकशीत ठरलेला आकडा सहासष्ट लाखांचा. परतताना १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाने वाट अडविली, तेव्हा उघड्या मैदानात मोगलांना झुंजवून ऐवज सुखरूप नेण्यात आला. परंतु या स्वारीतील खरी नवलाई लुटीत नाही, ती सुरतेहून निघताना मागे ठेवलेल्या पत्रात आहे: दरसाल बारा लाख द्या, म्हणजे पुन्हा येणार नाही. लुटारूला आजचा ऐवज हवा असतो. राज्यकर्त्याला उद्याचा वसूल. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार व रामनगर घेऊन सुरतेच्या वाटेवरचे दोन्ही उंबरठे ओलांडले, तेव्हा महाराजांकडून चौथाईची, म्हणजे वसुलाच्या चौथ्या हिश्श्याची, मागणी झाली; आणि तिच्यामागील युक्तिवाद असा होता की, तुमच्या बादशहामुळेच मला रयतेच्या रक्षणासाठी फौज बाळगावी लागते, तेव्हा तिचा खर्च त्याच्या प्रजेनेच सोसला पाहिजे. ‘चौथाई’ ही कल्पनाही आकाशातून पडलेली नव्हती. रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगीजांकडून ती पूर्वीपासून घेत असे, हे इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांनी दाखविले आहे.

ही मागणी लगेच मान्य झाली नाही. पण तिचे काम ती अमान्य असतानाच सुरू झाले होते. ‘मराठे आले’ अशी आवई उठली की दुकाने मिटत, हुंड्या थांबत आणि सावकार बायकामुलांसह गाव सोडून जात. शहराच्या रक्षणासाठी घोडदळ उभारावयाचे म्हणून मुतसद्द्याने वर्गणी गोळा केली आणि, एकही स्वार न नेमता, ती आपल्याकडेच ठेवली. अशा रीतीने सुरतेचे रक्षण करू न शकणारे सरकार आणि सुरतेवर येण्याची केवळ धमकी देणारा शत्रू, या दोघांच्या चिमट्यात सौदागर सापडला. याच सुमारास आपल्या मुलखात महाराज कोणते धोरण राखीत होते, तेही पाहावे. १६७१ साली कुडाळच्या नरहरी आनंदराव या अंमलदारास त्यांनी लिहिले की, पोर्तुगीज बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडेल व आपल्या मुलखातील मीठ खपेल. शत्रूच्या बंदरावर घोडा घालणारा आणि आपल्या मिठागराच्या हिताचा हिशेब मांडणारा माणूस एकच होता, हे ज्यास कळले नाही त्यास सुरतेची स्वारीही कळली नाही.

आता या राजनीतीची मर्यादा पाहू, कारण प्रशंसेच्या भरात तिच्याकडे डोळेझाक करण्याची सवय आपणा सर्वांस आहे. पहिली मर्यादा ही की, दाबाखाली प्रथम गुदमरतो तो राजा नव्हे, तर सामान्य माणूस. जळालेली घरे औरंगजेबाची नव्हती. आपल्याच काळात १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याशी दळणवळण तोडले, तेव्हा लिस्बनच्या हुकूमशहा सालाझारचे जेवण चुकले नाही; मुंबईस चाकरी करणाऱ्या गोमंतकीयाचे घरी जाणारे पैसे मात्र अडले. दुसरी मर्यादा अशी की, एक नाकपुडी दाबून दुसरी मोकळी ठेवली तर श्वास चालूच राहतो. १९३५ साली हबसाणावर (इथिओपियावर) चढाई करणाऱ्या इटलीवर राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण खनिज तेल वगळले व सुएझचा कालवा उघडाच ठेवला. मुसोलिनीने अडिस अबाबा घेतले. गोव्याचाही समुद्र मोकळा होता, लोहखनिज बाहेर जात राहिले, आणि अखेर डिसेंबर १९६१ मध्ये लष्करच पाठवावे लागले.

तिसरी मर्यादा सर्वांत दूरगामी, आणि ती आपणास परत त्या घुमटाकडे नेते. १६६४ मध्ये वखार राखल्याबद्दल औरंगजेबाने इंग्रज व डच यांना मालावरील जकातीत शेकडा एकाची सूट दिली. घाबरलेल्या सौदागराला आता प्रश्न पडू लागला की, बादशहाच्या तटापेक्षा टोपीकराच्या तोफा अधिक भरवशाच्या नाहीत काय? १६६८ मध्ये कंपनीच्या हाती आलेले मुंबई बेट त्या प्रश्नाचे उत्तर होऊन बसले, आणि १६८७ साली कंपनीने आपला मुख्य कारभार सुरतेहून तेथे हलविला. पुढे १६८८-८९ मध्ये, बादशाही जहाजे धरून तिने स्वतःच औरंगजेबाचे नाक दाबून पाहिले, तेव्हा सुरतेची वखार जप्त झाली, जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबई बेट व्यापले आणि दीड लाख रुपये दंड भरून क्षमा मागण्याची पाळी आली. परंतु मुंबईस कंपनी टिकून राहिली. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला, १८०० मध्ये सुरतेचा कारभार आणि १८०२ च्या वसईच्या तहाने सुरतेवरील पेशव्यांचे हक्कही इंग्रजांकडे गेले.

शिवाजी महाराजांचे शत्रूचे नाक ओळखणे अचूक होते, आणि त्या काळच्या स्वराज्यास दुसरा मार्गही नव्हता. परंतु दाबलेल्या नाकातून हुकलेला श्वास कोणाच्या छातीत जातो, याचा हिशेब एका पिढीत पुरा होत नसतो. कतारगामच्या त्या घुमटाखाली निजलेला वखारवाला आपल्या हयातीत दोन राज्यांच्या झुंजीत फक्त आपला दरवाजा सांभाळून बसला होता, आणि तेवढ्यावरच त्याच्या कंपनीची जागा वाढत गेली.