झोपलेला लॅपटॉप जागा का होत नाही?

झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो आणि उघडले की जागा होतो, अशी आपली समजूत असते. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या काही लॅपटॉपांचा अनुभव मात्र निराळा. झाकण उघडावे तो पडदा काळाच! कळफलक कितीही बडवा, दाद नाही. शेवटी बटण दाबून यंत्र बंद करावे लागते आणि न साठवलेले सगळे काम जाते. असे का होते?

या झोपेचे दोन प्रकार आहेत. पहिला 'सस्पेंड'. झोप गाढ असेल तर यात बहुतेक भागांची वीज तोडतात. रॅमला तेवढी ती मिळत राहते. रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभार. गळक्या घागरीतील पाण्याप्रमाणे तो गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. बॅटरी संपली की स्मृतीही गेली.

दुसरा प्रकार 'हायबरनेशन'. यात रॅममधील मजकूर डिस्कवरच्या 'स्वॅप' नावाच्या राखीव जागेत उतरवून यंत्र पूर्ण बंद होते. ही जागा अपुरी असेल तर यंत्र झोपतच नाही. ती कोठे आहे हे सुरू होताना कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ठाऊक नसेल तर यंत्र कोरे होऊन उठते. तेव्हा हायबरनेशन बिघडल्यास प्रथम हेच तपासावे.

सस्पेंडचा बिघाड अधिक चकवणारा असतो. कर्नेल आधी चालू कार्यक्रम गोठवते, मग वाय-फाय, पडदा, डिस्क अशा उपकरणांना त्यांच्या ड्रायव्हरांकरवी झोपवते. उठवताना क्रम उलटा. एकाही ड्रायव्हरने घोळ घातला की पुढचे सारे खोळंबते. दोषी कोण? त्यासाठी 'पीएम-टेस्ट' ही सोय आहे. ही झोपेची तालीमच म्हणा ना. ठरवलेल्या टप्प्यापर्यंत जाऊन यंत्र ५ सेकंद थांबते आणि परत फिरते. ज्या टप्प्यावरून ते परतत नाही, तेथे शोध घ्यायचा.

पण जागे होतानाच यंत्र अडकले, तर नोंद ठेवायची कोठे? पडदा बंद, डिस्क झोपलेली, आणि बटण दाबताच रॅम पुसली जाणार. कर्नेल लिहिणाऱ्यांनी यावर मोठी गमतीची तोड काढली आहे. मदरबोर्डवरील घड्याळ यंत्र बंद असतानाही चालू राहते. 'पीएम-ट्रेस' चालू केले, की कर्नेल प्रत्येक पायरीची खूण आकड्यांत बदलून त्या घड्याळाच्या तारीख-वेळेच्या जागीच लिहून ठेवते! अडकलेले यंत्र काही मिनिटांतच पुन्हा सुरू करावे, कारण घड्याळ थांबत नाही आणि खूण पुसट होते. सुरू झाल्यावर कर्नेल ते आकडे वाचून संशयिताचे नाव आपल्या नोंदींत देते. आकडे मोजकेच, म्हणून कधी दोन उपकरणे एकाच खुणेत बसतात. घड्याळ अर्थात भलतीच तारीख दाखवू लागते. ते नंतर लावून घ्यावे.

संशयित वाय-फायसारखा असेल, तर झोपण्याआधी त्याचा ड्रायव्हर काढावा आणि उठल्यावर पुन्हा बसवावा. असे केल्याने यंत्र बिनतक्रार उठू लागले, तर चोर सापडला. पडद्याचा ड्रायव्हर मात्र असा सहज काढता येत नाही. तेथे कर्नेलची नवी आवृत्ती बसवून पाहावी लागते.