मते मागायला येतील, तेव्हा दवाखान्याचे विचारा

निवडणूक आली की आमच्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर गाड्यांची धूळ उडू लागते. पावसाळ्यात जिथून आजाऱ्याला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते, तिथेही पुढारी हात जोडून उभे राहतात. लोक रस्ता मागतात, समाजमंदिर मागतात, देवळाला सभामंडप मागतात. दवाखाना मात्र कोणी मागत नाही. धडधाकट माणसाला दवाखान्याची आठवण होत नाही आणि आजारी माणूस सभेला येत नाही!

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आम्ही काही जणांनी आरोग्याचा प्रचार करायचे ठरविले. कुणाच्या पक्षाचा बिल्ला लावायचा नाही, कुणाच्या गाडीत बसायचे नाही आणि कुणाचे जेवण घ्यायचे नाही, हा पहिला नियम. कसारा, डोळखांब, किन्हवली, तसेच धसई, टोकावडे, मोरोशी या बाजूला आम्ही फिरलो. "तुमच्या घरात शेवटचे आजारपण कोणते झाले आणि तेव्हा काय अडले?" एवढेच विचारीत होतो.

उत्तरे थोड्याफार फरकाने सारखीच आली. रात्री डॉक्टर नसतात. बाळंतिणीला पुढे पाठवितात, पण गाडी वेळेवर येत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांतील मुलांचे डोस चुकतात. एका पाड्यावर आवणीच्या दिवसांत तरुण मुलाला साप चावला होता. जवळच्या केंद्रात इंजेक्शन नव्हते, पुढे नेताना वाटेतच तो गेला. त्याची आई एवढेच म्हणाली, "इंजेक्शन कुठं आहे ते आधी ठाऊक असतं, तर सरळ तिकडंच नेलं असतं."

कोणाला काय विचारायचे?

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय व शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याकडे आहे. तेव्हा रुग्णालयातील रिकाम्या जागांचे आमदारकीच्या उमेदवाराला विचारावे, उपकेंद्राच्या कुलपाचे जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला. हे माहीत नसेल, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न नेमका हवा. "आरोग्य सुधारणार का?" असे विचारले तर "नाही" कोण म्हणेल? त्याऐवजी असे विचारा: सर्पदंशावरील इंजेक्शन आमच्या केंद्रात बारा महिने मिळेल यासाठी तुम्ही काय कराल? कोणत्या महिन्यापर्यंत? नियम असा आहे की डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले आहे. हे आकडे घेऊन एखादी आशाताई सभेत उभी राहिली की उमेदवाराचा सूरच बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिले.

तिसरी गोष्ट, विचारायचे ते चारचौघांत आणि कागदावर. आम्ही पाच मागण्यांचा एकच कागद केला आणि सर्व उमेदवारांपुढे तोच ठेवला. पुढे "हो" किंवा "नाही" आणि खाली सही. सह्या करणारे थोडेच निघाले. एका कार्यकर्त्याने सांगितले, "आधी निवडून तर येऊ द्या, मग बघू." तेव्हा एक म्हातारी आजी म्हणाली, "साप काय मतमोजणीपर्यंत थांबतो का रं बाबा?" सभा हसली, पण त्या गावात मग तोच प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारला गेला.

हे नवे नाही

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी जनस्वास्थ्य अभियानाने लोकांचा आरोग्य जाहीरनामा तयार केला होता. २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख करण्याचे काम महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत आपला ठाणे जिल्हा होता. जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारीत. परदेशातले उदाहरण थायलंडचे. सर्वांना आरोग्यसेवा मिळावी म्हणून तेथील स्वयंसेवी संस्थांनी कायद्याच्या मागणीसाठी पन्नास हजार सह्यांची मोहीम उघडली. २००१ च्या निवडणुकीत एका पक्षाने हा विषय उचलला आणि तो निवडून आला. मग एका भेटीला फक्त तीस बात, म्हणजे नाममात्र पैसे, घेऊन उपचार सुरू झाले. २००२ मध्ये त्याचा कायदा झाला.

मतदानानंतर

मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचाराला कायद्याने बंदी असते. आम्हीही तेव्हा थांबलो. खरे काम निकालानंतरचे! सहीचा कागद ग्रामपंचायतीत लावावा आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्याने सही केली त्याला आठवण द्यावी. ज्याने केली नाही त्यालाही विचारावे, कारण निवडून आलेला माणूस सगळ्यांचाच असतो. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत आपल्या गावचे कोण आहे, याचीही चौकशी करावी.

आणि वाचकहो, साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. तिथे इंजेक्शन असेल की नाही, हे मात्र आपण निवडणुकीत काय विचारले यावरही अवलंबून आहे. तेव्हा पुढच्या वेळी दारात हात जोडून कोणी आले, तर त्यांना चहा जरूर द्या, पण हा एक प्रश्न विचारल्याशिवाय जाऊ देऊ नका.